उंबऱ्यावरची शिंक

प्रिय मावशी,

मी सोलापूरची, वय ३१. लग्नाला ६ वर्षं झाली, ४ वर्षांचा मुलगा आहे. घरात सासूबाई, दीर आणि आम्ही तिघं. माझा प्रश्न वाचून तुम्ही हसाल, पण आमच्या घरात तो हसण्यासारखा राहिलेला नाही.

मला घराबाहेर पाऊल टाकलं की शिंक येते. बरोबर उंबऱ्यावर. कधी एक, कधी लागोपाठ तीन. आमचं घर जुनं, दगडी आहे. आत दिवसाही दिवा लागतो आणि दार पूर्वेला. माहेरी बाबांनाही अशाच शिंका येतात, पण तिथे कुणी कधी मनावर घेतलं नाही. इथे सासूबाई लगेच "थांबा" म्हणतात. मग चपला काढून आत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, पाच मिनिटं टेकायचं. सकाळी ऑफिसला निघतानाही हेच. आता मी दाराशी आले की नाक चिमटीत धरते आणि शिंक आतल्या आत जिरवते.

गेल्या महिन्यात एका जागेचं टोकन द्यायला निघालो होतो. नेमकी शिंक आली. थांबलो, पाणी प्यालो, पोचलो, तर मालकांनी दुसऱ्याला शब्द देऊन टाकलेला. संध्याकाळी दिरांनी विचारलं, "कुठे बिनसलं?" सासूबाई म्हणाल्या, "माशी कुठे शिंकली ते सगळ्यांना ठाऊक आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरासुद्धा.

आणि मुलगा शिंकला की ह्याच सासूबाई "शतंजीव, शतंजीव" म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. शेजारच्या तेलुगू आजी भिंतीपलीकडून "चिरंजीव" म्हणतात. शाळेत त्याला "ब्लेस यू" शिकवलंय. परवा सासूबाई शिंकल्या तेव्हा तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, "ब्लेस यू, आजी." त्यावर "मला आशीर्वाद देणारा हा कोण टिकोजीराव?" म्हणाल्या आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. ऑफिसात मी शिंकले की तीन बाजूंनी "ब्लेस यू" येतं आणि मी गडबडून "सॉरी" म्हणते. शिंक आल्यावर नक्की कुणी काय म्हणायचं असतं? मुलाला काय शिकवू?

तुमची,
(सही)

*

मुली,

पत्राखाली तू "माशी" अशी सही केली होतीस. ती मी खोडली, माझ्या सदरात कुणी स्वतःला माशी म्हणवून घ्यायचं नाही. आणि तुला "तू" म्हणते आहे, वयाने माझ्या भाचीएवढी आहेस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतेच, पण एक गोष्ट आज संध्याकाळपासून बंद कर. नाक चिमटीत धरून शिंक दाबणं. हे मी शकुन-अपशकुनाच्या भानगडीत न शिरता सांगते आहे. चरकसंहितेत जे तेरा वेग माणसाने अडवू नयेत म्हणून सांगितलेत, त्यात लघवी, भूक, तहान, झोप, अश्रू यांच्या रांगेत शिंकही आहे. 'क्षवथु' हा तिचा तिथला शब्द. ती अडवली तर मान धरते, डोकं दुखतं, अर्धशिशी होते, तोंड वाकडं होतं, अशी यादीच दिली आहे. जुनं शास्त्र म्हणून सोडून द्यायचं असेल तर नवं ऐक. इंग्लंडात लेस्टर इथे ३४ वर्षांच्या एका धडधाकट माणसाने नाक आणि तोंड दोन्ही घट्ट बंद करून शिंक दाबली, तर त्याचा घसा आतून फाटला. मानेत हवा शिरली, गिळता येईना, बोलता येईना, आठवडाभर नळीने जेवण. तिथल्या डॉक्टरांनी हे २०१८ साली छापलं. असं क्वचितच होतं, घाबरून जाऊ नकोस. पण सासूबाईंच्या पाच मिनिटांपायी आपला घसा पणाला लावायचा, हा सौदा कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आता तुझी शिंक. अंधाऱ्या घरातून पूर्वेच्या उन्हात पाऊल टाकलं की येते, एक ते तीन येतात आणि बाबांनाही येतात, हे तू तीन वेगवेगळ्या वाक्यांत लिहिलं आहेस. तिन्ही एका ओळीत मांडली असतीस तर उत्तर तुझं तुलाच सापडलं असतं. तुझी शिंक उन्हाची आहे. एकदम लख्ख उजेड डोळ्यांवर आला की काही माणसं शिंकतात. साधारण चारांत एकाला हे होतं. डोळ्यांकडून मेंदूकडे निघालेली खबर वाटेत नाकाच्या मज्जातंतूंना धक्का मारते, असं डॉक्टर समजतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकन या तत्त्वज्ञाने प्रयोग करून पाहिला होता. उन्हाकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले, तर शिंक येईना. म्हणजे भानगड नाकात नसून डोळ्यांत आहे, एवढं त्याला तेव्हाच कळलं होतं.

तेव्हा साधा उपाय: गॉगल. तोही आतल्या खोलीत लावायचा, रस्त्यावर गेल्यावर नव्हे. किंवा निघायच्या आधी दोन मिनिटं खिडकीशी उभी राहा, डोळ्यांना उजेडाची ओळख होऊ दे. तुला काही सोलापूरच्या उन्हाबद्दल मी सांगायला नको.

हे लक्षण आई-वडिलांकडून मुलात उतरतं. दोघांपैकी एकाला असेल तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी. तुझ्या बाबांकडून तुझ्याकडे आलं, तुझ्याकडून तुझ्या लेकाकडे गेलं असेल-नसेल. पण गेलं असेल, तर लवकरच एक दिवस असा येईल की दप्तर पाठीला लावून तो त्याच उंबऱ्यावर शिंकेल. तेव्हा सासूबाई काय म्हणतील? "शतंजीव" की "थांबा"? त्यांना आत्ताच विचारू नकोस, भांडण होईल. पण हा प्रश्न तुझ्या मनात असू दे, कारण तुझ्या घरातलं सगळं कोडं त्यातच आहे. शिंक तीच. एका शिंकेला डोक्यावरून हात, दुसरीला चपला काढा.

शिंकेच्या बाबतीत आपल्याकडे दोन खाती आहेत आणि ती आपण एकमेकांत मिसळू देत नाही. एक खातं शकुनाचं. त्यात शिंकणारा माणूस कुणाच्या लेखीच नसतो, लक्ष असतं ते कामावर. निघताना एक शिंक वाईट, जोडशिंक चांगली, हे सगळं त्या खात्यातलं. दुसरं खातं आशीर्वादाचं. त्यात काम बाजूला आणि माणूस मधोमध. शतंजीव, चिरंजीव, शतायुषी हो. लहान बाळ जोरात शिंकलं की त्याचा इवलासा देह हादरतो, बघणाऱ्याच्या काळजात चर्र होतं आणि तोंडातून आपोआप आयुष्याचा शब्द जातो. सासूबाईंनी तुझ्या मुलाला दुसऱ्या खात्यात टाकलंय आणि तुला पहिल्या. तुझं दुखणं हे आहे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं. पाच मिनिटं बसायला लावतात याचा तुला राग असेलच. पण सहा वर्षांत एकदाही तुझ्या शिंकेला "शतंजीव" आलं नाही, हे तू लिहिलं नाहीस तरी मी वाचलं.

शकुनाच्या खात्याबद्दल सासूबाईंशी वाद घालायला जाऊ नकोस. त्यात कुणीच जिंकत नाही. थांबलो नसतो आणि काम फिसकटलं असतं, तर "सांगत होते थांबा". थांबलो आणि फिसकटलं, तर "शिंकच झाली होती". उलट काम झालं असतं तर "बघ, थांबलो म्हणून झालं". ही विहीर तिन्ही बाजूंनी बांधलेली आहे. बरं, त्या एकट्याच अशा आहेत असंही नाही. इराणात निघताना एक शिंक आली की "सब्र आली" म्हणतात, म्हणजे जरा धीर धर, आणि माणूस थबकतो. तुझ्या सासूबाईंचं "थांबा" फारशीत गेलंय म्हण ना. ग्रीकांकडे मात्र नेमकं उलटं. झेनोफन नावाचा सेनानी इसवी सनपूर्व ४०१ मध्ये परमुलखात अडकलेल्या सैन्यापुढे भाषण करत होता. सुटकेचा शब्द त्याच्या तोंडी होता तेवढ्यात कुणीतरी शिंकलं. सगळ्या सैन्याने हात जोडले, देवाने कौल दिला म्हणून! तिथे तुझी शिंक असती तर तुला पुढे घालून नेलं असतं.

वाद घालू नकोस म्हटलं, पण गप्पही बसू नकोस. सासूबाईंच्याच कायद्यातलं एक कलम त्यांच्यापुढे ठेव.

माझे आजोबा तपकीर ओढायचे. सकाळी डबी उघडली की सात-आठ शिंका ठरलेल्या, वाड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायच्या. आणि माझी आजी, जी मांजर आडवं गेलं म्हणून बाजाराच्या रस्त्यावरून परत फिरायची, ती आजोबांच्या शिंका मोजायचीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तपकिरीची शिंक शिंक नव्हे. सर्दीची पण नव्हे." जुन्या बायकांना हा नियम पक्का ठाऊक असतो: कारण असलेली शिंक शकुनात धरत नाहीत. तुझ्या सासूबाईंनाही ठाऊक असणार. उन्हाळ्यात मिरच्या कांडायला काढल्या की आख्खं घर शिंकतं, तेव्हा कुणी गाडीचं तिकीट रद्द करतं का? लसूण-मिरचीची फोडणी बसली आणि दीर शिंकले म्हणून ते ड्यूटीवर जायचे थांबले का? मग त्यांना शांतपणे सांग, "आई, माझी शिंक उन्हाची आहे. तपकिरीची तशी ही उन्हाची. बाबांनाही आहे." पुरावा हवा असेल तर त्यांच्यादेखत गॉगल लावून आठ दिवस बाहेर पड. शिंक आली नाही की त्यांचं त्यांना कळेल. शकुन काळ्या काचेला घाबरून पळत नाही.

हे सांगायचं ते नवऱ्याने. घरी सासूबाईंसमोर, तू तिथे असताना. त्या दिवशी "माशी"वर सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याने दुसरीकडे पाहायला हवं होतं, निदान पंख्याकडे तरी. ते त्याच्याकडून राहिलं. आता भरून काढायची ही चांगली संधी आहे, त्याला तसं सांग. आणि "माशी शिंकली" हा शब्द घरात पुन्हा कुणाबद्दलही निघाला, तर हसण्यावारी नेऊ नकोस. "आई, ते मला लागलं" एवढंच म्हण. पुढचं-मागचं स्पष्टीकरण नको.

आता तू ज्यासाठी पत्र लिहिलंस ते. म्हणायचं काय?

इथे तुला एक जुनी गोष्ट सांगते, आमच्या सदराला जरा मोठी होईल, पण तिच्यात तुझ्या मुलाचं, सासूबाईंचं आणि तुझ्या "सॉरी"चं, तिघांचंही उत्तर आहे. पाली वाङ्मयात, चुल्लवग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. बुद्ध धर्मोपदेश करत बसले होते आणि त्यांना शिंक आली. झालं, सगळे भिक्खू एकसुरात ओरडले, भगवान जगोत, सुगत जगोत! त्या गलक्यात उपदेश बुडाला. बुद्धांनी विचारलं, "शिंकणाऱ्याला 'जग' म्हटलं म्हणून तो जगतो का, किंवा मरतो का?" "नाही, भन्ते." "मग म्हणू नका." झाला नियम. तुझ्या पिढीला इथपर्यंतची गोष्ट फार आवडेल, बघा बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी अंधश्रद्धा मोडून काढली म्हणून. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे भिक्खू शिंकले की गावातले लोक आदराने म्हणायचे, "जीवथ भन्ते." आणि भिक्खू, नियमाचे पक्के, गप्प. लोक चिडले. आम्ही आयुष्य चिंततो आणि हे साधू तोंडातून शब्द काढत नाहीत, ही कुठली रीत? तक्रार बुद्धांपर्यंत गेली. त्यांनी काय केलं? नियम सैल केला. गृहस्थांना मंगल शब्दांची आवड असते, ते "जीवथ" म्हणाले तर तुम्ही "चिरं जीव" म्हणा.

मला या गोष्टीत हा दुसरा भाग जास्त आवडतो. शब्दाने आयुष्य वाढत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाने तो शब्द परत करायला सांगितलं, कारण समोरच्याने तो प्रेमाने दिला होता आणि वाऱ्यावर पडला होता.

याच प्रसंगाला एक जातककथा जोडलेली आहे, गग्ग जातक. ती रात्री मुलाला सांग आणि सांगताना सासूबाई कानाच्या टप्प्यात असतील असं बघ. काशीच्या वेशीबाहेर एक धर्मशाळा होती. तिच्या आढ्यावर एक यक्ष राहायचा. त्याला वरून परवानगी मिळाली होती: या धर्मशाळेत कुणी शिंकला आणि दुसरा "जग" म्हणाला, त्यावर पहिलाही "तूही जग" म्हणाला, तर त्या दोघांना सोडायचं. बाकीच्यांना खायचं. एका संध्याकाळी गग्ग नावाचा ब्राह्मण आपल्या मुलाला घेऊन तिथे उतरला. यक्षाने वरून बारीक भुकटी सोडली, ती गग्गाच्या नाकात गेली आणि त्याला शिंक आली. (ही तपकिरीचीच शिंक झाली म्हणायची, आमच्या आजीने मोजली नसती.) मुलाला चटकन उमगलं. तो बापाला म्हणाला, "शंभर वर्षं जग, गग्ग, आणि वर वीस." बापाला नावाने हाक मारलीय बघ! मुलगा वाचला. यक्ष बापाकडे सरकला, तर बाप म्हणाला, "तूही शंभर वर्षं जग, आणि वर वीस. पिशाच्चांनी विष खावं." बापही वाचला. यक्ष उपाशी.

म्हणजे नुसता देणारा वाचत नाही, परत करणाराही वाचतो.

सासूबाई तुझ्या मुलावर का बिनसल्या ते आता बघ. त्यांना इंग्रजीचा राग आला असं तुला वाटलं असेल. मला नाही वाटत. आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली वाहतो. मोठ्यांनी द्यायचा, लहानांनी वाकून घ्यायचा. "शतायुषी हो", "औक्षवंत हो", सगळे शब्द खालच्या दिशेचे. मोठं माणूस शिंकलं तर लहानाने काय म्हणायचं, याला आपल्याकडे रुळलेला शब्दच नाही. आपण "पाणी देऊ?" म्हणतो, मोठं माणूस स्वतःच "श्रीराम" नाहीतर "हरी हरी" म्हणतं आणि विषय संपतो. "ब्लेस यू"ला ही दिशाच माहीत नाही. ते चार वर्षांचं पोर साठीच्या बाईला म्हणू शकतं, साहेब शिपायाला म्हणू शकतो, शिपाई साहेबाला. सासूबाईंना त्यातला "ब्लेस" तेवढा कळला, आशीर्वाद, आणि नातवाने आजीला आशीर्वाद द्यायचा म्हणजे उलटी गंगा. त्यांच्या जागी त्या चुकल्या नाहीत. पोरगंही चुकलं नाही.

म्हणून मुलाला शिकवायचं ते गग्गाच्या मुलाचं वाक्य. आजी शिंकली की म्हण, "आजी, शंभर! वर वीस!" हा आशीर्वाद वाटत नाही, लाड वाटतो. चार वर्षांच्या मुलाला आकडे ओरडायला आवडतात आणि वरचे वीस तर फारच आवडतील. आणि आजीने उत्तर द्यायचं, "तूही शंभर, वर वीस." नाही दिलं तर यक्ष आढ्यावर बसलाच आहे. दगडी घर आहे म्हणतेस, म्हणजे आढं असणारच.

तुला स्वतःला सासूबाईंसाठी शब्द हवा असेल, तर यजुर्वेदातलं "जीवेम शरदः शतम्" आहे. वाढदिवसाला लोक "जीवेत्" म्हणतात, तो जगो. मूळ मंत्रात "जीवेम" आहे, आपण जगू. "आपण"मध्ये सासू-सून दोघी बसतात, आशीर्वाद कुणी कुणाला दिला हा प्रश्नच उरत नाही. पण शिंकेगणिक वेदमंत्र म्हणणारी सून घरात असावी असं कुठल्याही सासूला वाटत असेल, याची मला खात्री नाही. तू नुसतं पाण्याचा तांब्या पुढे कर आणि "सांभाळा" म्हण, चालेल.

ऑफिसचं सोपं आहे. "ब्लेस यू"ला "सॉरी" हे उत्तर नाही. "थँक यू" म्हण आणि कामाला लाग. आपण शिंकलो म्हणजे गुन्हा केला, हे २०२० सालाने आपल्या डोक्यात भरवून ठेवलंय. तेव्हा लिफ्टमध्ये शिंकणाऱ्या माणसाकडे लोक चोराकडे बघावं तसं बघायचे. कोपरात किंवा रुमालात शिंकलीस की माफी मागायचं कारण उरत नाही. तुझ्या शेजारी कुणी मुसलमान मैत्रीण बसत असेल तर ती शिंकल्यावर स्वतःच "अल्हम्दुलिल्लाह" म्हणेल. त्यांच्यातली कुणी जवळ असेल तर ती "यर्हमुकिल्लाह" म्हणेल, अल्लाह तुझ्यावर दया करो, आणि मग पहिली पुन्हा त्याचं उत्तर देईल. तीन पदरी व्यवहार आहे तो. तुर्कस्तानात "खूप जग" म्हटलं की शिंकणारा म्हणतो, "तूही ते पाहा," म्हणजे माझं लांब आयुष्य बघायला तूही रहा. किती गोड आहे! हे ऐकल्यापासून मी माझ्या बहिणीला असंच म्हणते, ती वेड्यात काढते.

"ब्लेस यू" कुठून आलं असं तुझ्या मुलाने विचारलं, तर शाळेत बहुधा पोप ग्रेगरींची गोष्ट सांगतील. ५९० साली रोममध्ये प्लेग होता, शिंक हे त्याचं लक्षण, म्हणून त्यांनी तसं म्हणायची प्रथा घातली, वगैरे. गोष्ट प्रसिद्ध आहे, पण त्याच्या पाचशे वर्षं आधी प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने विचारून ठेवलंय की आपण शिंकणाऱ्याला शुभ का चिंततो बरं? म्हणजे रीत तेव्हाच इतकी जुनी होती की तिचं कारण लोक विसरले होते. तोच सांगतो, टायबेरियस बादशहा माणसांतला सगळ्यात घुमा आणि उदास, पण रथात बसलेला असतानाही आपण शिंकलो की कुणीतरी म्हणायलाच हवं, असा त्याचा आग्रह असे. सगळं साम्राज्य पायाशी, आणि हवं होतं काय, तर शिंकल्यावर कुणीतरी काहीतरी म्हणावं.

तुलाही तेच हवं आहे. मागून घे. सासूबाईंकडून एकदम नको, आधी नवऱ्याकडून. त्याला गग्गाची गोष्ट सांग आणि सांग की आजपासून मी शिंकले की तू म्हणायचं. पोरगं बघेल, तो म्हणेल. मग दीर, थट्टेने का होईना. "शंभर, वर वीस" घरभर व्हायला लागलं की सासूबाई किती दिवस गप्प राहतील? ज्या बाईच्या तोंडी नातवासाठी दोनदोनदा "शतंजीव" येतं, तिच्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. तुझ्यापर्यंत यायला त्यांना थोडा उशीर होतोय एवढंच.

टोकनचं मनातून काढून टाक. पाच मिनिटांत जो मालक दुसऱ्याला शब्द देतो, त्याला तिकडून चार पैसे जास्त मिळत असणार. त्याची जागा घेतली असतीस तर पार्किंगवरून भांडत बसली असतीस.

पुढची जागा बघायला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर घेऊन जा. त्यांना आधी उंबरा ओलांडू दे. निघताना त्यांच्याच हातून सगळ्यांच्या तळहातावर दही-साखर पडू दे, तो त्यांचा मान आहे. तू गॉगल आतच लावून शेवटी बाहेर ये. आणि एवढं सगळं करूनही शिंक आलीच, तर नाकाला हात लावू नकोस. शेजारच्या तेलुगू आजींना भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकी मोठ्याने शिंक.

तुझी,
मावशी